वेळेची वजाबाकी : राहात्याच्या विहिरीपासून शिवजन्माच्या वारापर्यंत

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, तारखा आणि वेळा यांच्या वजाबाकीवर बोलतो. ते जरा गप्पच झाले. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक संगणकाच्या चुकांवर काय बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. पण मला बोलायचंय ते इतिहासावर. संगणकातल्या तारखांच्या चुका म्हणजे जुन्या इतिहासाने नव्या घरात येऊन घातलेला गोंधळ असतो, असं माझं मत झालंय. ते कसं झालं ते सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी इथे राहात्याजवळ शेती करतो. पेरूची बाग आहे. विहीर त्याची आणि त्याच्या चुलत भावाची सामाईक, मोटर एक, मीटर एक. ठरलेलं असं, की ज्याने जितके तास मोटर चालवली त्याने तितका बिलाचा वाटा द्यायचा. पूर्वी हा हिशेब मोटारीच्या खोलीत भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून होत असे. विद्यार्थ्याचा मुलगा संगणक शिकला. त्याने पीएचपी नावाच्या भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. मोटर सुरू केल्याची वेळ टाका, बंद केल्याची वेळ टाका, तास मिळतील.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. रात्री दहाला मोटर सुरू, पहाटे चारला बंद. सहा तास. स्क्रीनवर आलं ११:३०. चुलत भावाची पाळी दिवसाची, सकाळी दहा ते दुपारी चार. तिथेही सहाच तास, आणि तिथेही ११:३०. पोरगा हुशार. त्याच्या लक्षात आलं, की दर वेळी साडेपाच तास जास्त येतात. मग त्याने प्रत्येक उत्तरातून १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, वजा करून टाकले. उत्तर आलं ०६:००. सगळे खूश.

महिनाअखेरीस बेरीज केली. याची बेरीज ०६:००. भावाची बेरीज पण ०६:००. म्हणजे बिल निम्मं निम्मं! भाऊ म्हणाला, "वा! मी नऊ पाळ्या चालवली, तुम्ही सतरा, आणि बिल सारखं?" त्यात त्याला संगणकाचा दोष दिसेना, आमच्या पोराचा दिसला. सामाईक विहिरीवरून भाऊबंदकी कशी पेटते ते तुम्हाला सांगायला नको. (हशा)

पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत ना, बघा जरा." मला त्या भाषेचं काही कळत नव्हतं. पण त्याने ओळ ओळ वाचून दाखवली आणि मी प्रश्न विचारत गेलो. तीन दिवसांनी उलगडा झाला. चूक एक नव्हती, तीन होत्या, आणि त्या एकमेकींना झाकत होत्या.

पहिली चूक अशी. "सहा तास" हे अंतर आहे आणि "सकाळचे सहा" ही वेळ आहे. दोन वेगळ्या गोष्टी. त्याने वजाबाकी बरोबर केली, २१,६०० सेकंद मिळाले. पण ते छापायला त्याने जी आज्ञा वापरली ती घड्याळातली वेळ छापणारी होती. संगणक ते सेकंद एका ठरावीक क्षणापासून मोजतो. तो क्षण म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र. त्या क्षणी आपल्याकडे किती वाजले होते? पहाटेचे साडेपाच. म्हणून सहा तासांचे झाले साडेअकरा. या पोराने विचारलं होतं "किती वेळ", आणि संगणकाने उत्तर दिलं "किती वाजले".

दुसरी चूक मध्यरात्रीची. त्याने फक्त वेळ टाकली होती, तारीख नाही. चारातून बावीस गेले, उणे अठरा. पण घड्याळाचा चेहरा चोवीस तासांनी पुन्हा तिथेच येतो, त्यामुळे उणे अठरा आणि अधिक सहा हे घड्याळावर सारखेच दिसतात. म्हणून ही चूक दिसलीच नाही.

तिसरी चूक बेरजेची. याच्या सतरा पाळ्या, १०२ तास. भावाच्या नऊ पाळ्या, ५४ तास. १०२ म्हणजे चार दिवस सहा तास, ५४ म्हणजे दोन दिवस सहा तास. घड्याळ दिवस दाखवत नाही. दोघांचेही सहा! पोराने मग बेरजेला ३,६०० ने भागून सरळ तास काढले, तर भावाचे आले ५४ आणि याचे आले उणे ३०६. म्हणजे याने वीज वापरली नाही, उलट मोटारीतून तारेत परत पाठवली. (हशा) तेव्हा कुठे मध्यरात्रीची चूक उघडी पडली. शेवटी दोन्ही वेळांना तारीख जोडली, अंतर मिनिटांत ठेवलं, १९,८०० चं ते ठिगळ काढून टाकलं. १०२ आणि ५४. भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांशी जुळलं. भाऊ चहाला आला.

आता माझं डोकं त्या साडेपाचावर अडकलं. आपण साडेपाच म्हणतो ते आलं कुठून? राहाता साधारण साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे ग्रिनिचच्या पुढे आपण खरे तर चार तास अठ्ठावन्न मिनिटं. आपल्या डोक्यावर सूर्य सरासरीने येतो तो घड्याळात बारा बत्तीसला. शेतातल्या म्हाताऱ्या माणसाची सावलीवरची दुपार आणि बँकेच्या घड्याळातली दुपार यांत अर्ध्या तासाहून जास्त फरक आहे, आणि त्यात म्हातारा चुकत नाही.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. आपलं चितळी स्टेशन याच मार्गावर. त्या काळी रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, कारण तिथे वेधशाळा होती. मद्रास वेळ म्हणजे ग्रिनिचच्या पुढे पाच तास एकवीस मिनिटं. म्हणजे स्टेशनातलं घड्याळ इथल्या सूर्यापेक्षा तेवीस मिनिटं पुढे. सूर्य बघून निघालेल्या माणसाची गाडी चुकणार हे नक्की. हा तेवीसचा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

मुंबईची वेळ वेगळीच, चार तास एक्कावन्न मिनिटं. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन, तेच, ज्यांच्या नावाचं कॉलेज पुण्यात आहे, त्यांनी मुंबईत मद्रास वेळ लावायचा प्रयत्न केला. फरक फक्त अर्ध्या तासाचा. पण मुंबईकरांनी ती मानली नाही आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ ला साऱ्या हिंदुस्थानासाठी साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. मुंबईच्या घड्याळापेक्षा ती एकोणचाळीस मिनिटं पुढे. गिरणी कामगाराला याचा अर्थ सरळ कळला : भोंगा त्याच आकड्याला वाजणार, पण सूर्याच्या हिशेबाने एकोणचाळीस मिनिटं आधी उठावं लागणार. जानेवारीतच काही गिरण्यांत कामगारांनी काम थांबवून विरोध केला. महापालिकेनेही आपल्या घड्याळांवर मुंबई वेळच ठेवली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबईत सरकारी वेळ एक आणि नगराची वेळ दुसरी असा प्रकार चालू होता. १९०५ ची फाळणी नुकतीच झालेली, सरकार जे लादेल त्यावर लोकांचा रोष होताच. त्यामुळे घड्याळाचा काटा हा राजकीय प्रश्न झाला होता, यात मला नवल वाटत नाही.

आता संगणकात हे सगळं कुठे गेलं? जगातल्या सगळ्या ठिकाणच्या घड्याळांचा इतिहास एका सार्वजनिक संग्रहात नोंदलेला आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या गृहस्थांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला. तुमच्या मोबाइलमध्येही तो आहे. त्यात भारतासाठी एकच नोंद आहे, कोलकात्याची. मुंबईची नाही. कारण त्यांचा नियम असा, की १९७० नंतर ज्या ठिकाणांची घड्याळं सारखी चालली त्यांना वेगळी नोंद लागत नाही. मुंबईकर ज्या एकोणचाळीस मिनिटांसाठी इतकी वर्षं भांडले, ती मिनिटं त्या नोंदीत नाहीतच. १८९० मधली मुंबईची वेळ तुम्ही संगणकाला विचारलीत, तर तो मद्रासची सांगेल.

आणि कोलकात्याच्या नोंदीची पहिली ओळ कोणती? पाच तास त्रेपन्न मिनिटं अठ्ठावीस सेकंद. कोलकात्याची सूर्यवेळ, १८५४ पर्यंतची. पायथन भाषेत पायटीझेड नावाचं एक साधन वर्षानुवर्षं वापरात होतं. ते जरा चुकीच्या पद्धतीने वापरलं, म्हणजे तारीख बनवतानाच वेळक्षेत्र तिला चिकटवलं, की ते नोंदीची पहिलीच ओळ उचलायचं. त्यामुळे पुण्या-बंगळुरूतल्या कितीतरी पोरांच्या पडद्यावर भारताची वेळ साडेपाचऐवजी पाच त्रेपन्न आली. फरक तेवीस मिनिटांचा! चितळी स्टेशनावर गाडी चुकवणारे तेवीस आणि हे तेवीस, निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्धांत काढू नका. पण रात्री बारा वाजता ऑफिसात बसलेला पोरगा "ही तेवीस मिनिटं आली कुठून" म्हणून डोकं धरतो, तेव्हा तो नकळत कंपनी सरकारच्या काळातल्या कलकत्त्यात उभा असतो. २०२० मध्ये पायथनने या कामासाठी नवं साधन आणलं, त्यात हा घोटाळा होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तर आपली घड्याळं आणखी एक तास पुढे होती, साडेसहा. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सलग, आणि त्याआधीही काही महिने. इथे ज्योतिषाचा अभ्यास असलेले कोणी असतील तर त्यांना माहीत आहे, १९४३ ची पत्रिका मांडताना एक तास वजा करावा लागतो, नाहीतर लग्नच बदलतं. माझा पत्रिकेवर विश्वास नाही. पण जुने जोशी ही दुरुस्ती न चुकता करत. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पदवीधराला ती सांगावी लागते.

आमच्या शास्त्रात, वैशेषिक दर्शनात, काल हे एकच द्रव्य मानलंय, अखंड आणि नित्य. क्षण, दिवस, महिना हे भेद त्याच्यात नाहीत. ते उपाधीमुळे भासतात. सूर्याची गती ही उपाधी. वर्गात हे शिकवताना मुलं जांभया द्यायची. आता त्या पोराला मी सांगितलं, की तुझे १९७० पासूनचे सेकंद हा काल समज, आणि साडेपाच, पाच त्रेपन्न, मुंबई, मद्रास या उपाध्या समज. साठवताना काल साठव, दाखवताना उपाधी लाव. त्याला ते एका मिनिटात पटलं. तीस वर्षांत मला असा विद्यार्थी मिळाला नव्हता. (हशा)

आता लिहिण्याच्या पद्धतीकडे येतो. पीएचपीत तारीख आडव्या तिरक्या रेघेने लिहिली, की ती अमेरिकन समजली जाते, आधी महिना. मधे साध्या आडव्या रेघा दिल्या, की आपली, आधी दिवस. तुम्ही १५/१०/१९१८ लिहिलंत तर पंधरावा महिना नसतो म्हणून ती नाकारली जाते, आणि पुढे निष्काळजीपणे छापली तर येते १ जानेवारी १९७०. ही चूक चांगली, कारण ती दिसते. पण ५/१०/२०१८ लिहिलंत तर पाच ऑक्टोबरचा मुकाट्याने दहा मे होतो. कोणी हरकत घेत नाही. ओरडणारी चूक परवडली. शिवाय त्या भाषेत एम म्हणजे महिना आणि मिनिटासाठी आय. नवखा माणूस मिनिटाला एम लिहितो आणि ऑक्टोबरभर त्याच्या प्रत्येक तासाला दहाच मिनिटं झालेली असतात. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून, जानेवारी शून्य. जुन्या पर्लमध्ये वर्ष १९०० पासून मोजून मिळे; काहींनी त्यात १९०० मिळवण्याऐवजी पुढे नुसतं "१९" चिकटवलं होतं. १ जानेवारी २००० ला शंभर झाले आणि वर्ष छापलं गेलं १९१००. ज्यांच्याकडे अमेरिकेची अधिकृत वेळ राखण्याचं काम, त्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावरही त्या दिवशी १९१०० दिसलं.

आपण हसतो, पण आपल्या पेशवे दफ्तरातल्या कागदावर वर्ष कसं लिहिलेलं असतं? "इहिदे सितैन मया व अलफ." एक, साठ, शंभर आणि हजार. अकराशे एकसष्ट, शुहूर सन. अरबी शब्द, मोडी लिपी, मराठी कारकून, आणि एकक आधी. आपण एकसष्ट म्हणताना एक आधीच म्हणतो, म्हणून कारकुनाला ते अवघड गेलं नसावं. या सनाचं वर्ष मृग लागला की बदलतं. त्यामुळे इसवी सन काढायला जूनपासून डिसेंबरपर्यंत ६०० नाही, ५९९ मिळवायचे... थांबा, उलट सांगतोय. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९... बघा, मलाही कागद पाहावा लागतो. (हशा) हं. पानिपतावर ताडून बघू. १४ जानेवारी १७६१, आणि शुहूर सन ११६१. जानेवारीत ६००. म्हणजे मृगानंतर डिसेंबरपर्यंत ५९९. बरोबर, पहिल्यांदाच नीट बोललो होतो. शकाचंही तसंच. पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पानिपत शके १६८२, पौष. ७९ मिळवले की १७६१. कितीतरी पुस्तकांत पौष, माघ, फाल्गुनातल्या घटना एक वर्ष आधी छापल्या गेल्यात त्या या एका आकड्यापायी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर १८९६ मध्ये भारतीय कालगणनेवर इंग्रजीत ग्रंथ केला, कोष्टकांसह. ती कोष्टकं म्हणजे त्या काळची तयार स्क्रिप्टच.

आता मुख्य प्रकरण. शिवाजी महाराजांचा जन्म. पूर्वी मानत असत शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७. लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेध्यांकडची शकावली १९१६ मध्ये उजेडात आणली. त्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. फाल्गुन, म्हणून ७९. १६३०. तारीख १९ फेब्रुवारी. पुढे वाद पुष्कळ झाला, तो मी इथे उकरत नाही. राज्य सरकारने शेवटी १९ फेब्रुवारी धरली.

गेल्या वर्षी एक महाविद्यालयीन विद्यार्थी माझ्याकडे आला, चेहरा उतरलेला. त्याने पायथनला विचारलं होतं, १९ फेब्रुवारी १६३० ला वार कोणता? उत्तर आलं मंगळवार. "सर, शकावलीत तर शुक्रवार आहे. मग शकावली खोटी की काय?" बघा, केवढी गोष्ट एका ओळीवर लटकली होती. उद्या कोणीतरी हे सगळीकडे पसरवलं असतं, की संगणकाने सिद्ध केलं, जेधे शकावली बनावट.

मी म्हटलं, बस. १९ फेब्रुवारी ही तारीख कोणत्या पंचांगातली? इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग चालवलं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. सुरतेच्या इंग्रज वखारीचे कागद म्हणून जुन्या पद्धतीचे, आणि आपल्या इतिहासकारांनी शिवकालासाठी तीच पद्धत धरली. पायथनला हे ठाऊक नाही. तो आजचं ग्रेगोरियन पंचांग सरळ मागे ओढत नेतो, जणू ते अनादी काळापासून आहे. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचं अंतर. जुन्या पद्धतीची १९ फेब्रुवारी म्हणजे आजच्या पद्धतीने १ मार्च १६३०. आता विचार त्याला. त्याने तिथेच मोबाइलवर विचारलं. शुक्रवार. पोराच्या तोंडावर जे आलं ते मला पाहायला मिळालं.

राज्याभिषेकाची ६ जून १६७४ पण जुन्या पद्धतीचीच. पोर्तुगालने नवं पंचांग १५८२ मध्येच घेतलं होतं, त्यामुळे गोव्याचे पोर्तुगीज त्याच दिवशी कागदावर १६ जून लिहीत. इंग्रजी पत्र आणि पोर्तुगीज पत्र शेजारी ठेवून "बातमी पोचायला दहा दिवस लागले" असा निष्कर्ष काढणारा माणूस शून्य दिवसांचं अंतर मोजत असू शकतो. तारखा वजा करण्याआधी दोन्ही एकाच पंचांगात आणा. विहिरीच्या हिशेबात तारीख जोडायला लागली, तसंच.

आपल्या तालुक्यातलं उदाहरण हवं असेल तर शिर्डी. साईबाबांचं निर्वाण १५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी. शताब्दी कधी झाली? २०१८ च्या दसऱ्याला, १८ ऑक्टोबरला. शके १८४० ते १९४०, तिथीने बरोब्बर शंभर. तारखेने शंभर वर्षं तीन दिवस. दोन्ही उत्तरं खरी. तुम्ही कशाचं वर्ष मोजताय ते आधी सांगा, एवढंच.

आता शेवटचं, आणि हे माझं स्वतःचं. संगणकाला तारीख कळली नाही की तो १ जानेवारी १९७० लिहितो. आपल्या हेडमास्तरांना कळली नाही की ते १ जून लिहीत. सभागृहात साठीच्या पुढचे जेवढे आहेत, त्यांनी हात वर करा, कागदावर १ जून कोणाकोणाचा? (बरेच हात वर होतात, हशा) बघा. माझाही. १ जून १९५०. एक तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून मी ३१ मे २०१० ला घरी आलो.

आई सांगायची, "गांधीजी गेले, त्याच्या पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू झालास." मी आयुष्यभर धरून चाललो, गांधीजी १९४८ मध्ये गेले, पुढचं वर्ष १९४९, पोळा ऑगस्टात. म्हणजे कागदापेक्षा मी नऊ महिन्यांनी मोठा. हे शुहूर सनाचं आणि शकाचं काम करताना एके रात्री लक्षात आलं. गांधीजी गेले ३० जानेवारीला. तेव्हा शके १८६९ चालू होतं. आईच्या घरात भिंतीवर इंग्रजी कॅलेंडर नव्हतं. तिचं वर्ष पाडव्याला बदलायचं. मग "पुढचं वर्ष" शके १८७०, आणि त्यातला पोळा सप्टेंबर १९४८ चा. म्हणजे मी आणखी एक वर्षाने मोठा. पेन्शनच्या कागदाला याने काही होत नाही. पण आई जाऊन बावीस वर्षं झाली, आणि हे विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही. थोरली बहीण आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, "मला फक्त एवढं आठवतंय, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता."

चहा आलाय वाटतं. प्रश्न नंतर घेऊ.